पिवळा थर

हिंजवडीची नोकरी सोडून मी पिरंगुटला गाळा घेतला, तेव्हा घरच्यांनी कपाळावर हात मारून घेतला. मला उजेड ओळखणाऱ्या चकत्या बनवायच्या होत्या. अंधार पडला की रस्त्यावरचा दिवा आपसूक लागतो, तो अशाच चकतीमुळे. सिरॅमिकची नखाएवढी पांढरी चकती डिस्टिल्ड पाण्यातल्या गरम द्रावणात सोडायची, तिच्यावर पातळ थर धरू द्यायचा, मग भट्टीत भाजायची. थर हळदीसारखा पिवळा आला, की उजेड पडताच चकतीला जोडलेल्या मीटरचा काटा उडी मारतो.

पहिले घाणे झकास निघाले. ते बघून एका कंपनीने मोठं काम द्यायची तयारी दाखवली, फक्त ताजे नमुने मागितले. आणि नेमका तेव्हापासून थर मातकट येऊ लागला. काटा ढिम्म हलेना.

रसायनं बदलली, भट्टी उघडून पाहिली, चकत्या पुन्हापुन्हा उकळल्या. पाण्यावर मात्र संशय घ्यायचं डोक्यातही आलं नाही. उन्हाळा म्हणून डिस्टिल्ड पाण्याचे कॅन शेजारी, गाळ्याच्या मालकीणकाकूंच्या ओसरीवर सावलीला असत.

"ताई, आज तरी रंग धरला का वो?" काकू रोज दारातून विचारायच्या. मी खेकसायचे, मग आत जाऊन रडायचे. आपल्याला काही येतच नाही, आधीचं सगळं निव्वळ नशिबाने जमलं, असं मला खरंच वाटायला लागलं होतं.

कंपनीने बरीच वाट पाहिली आणि काम दुसऱ्याला दिलं. मी भट्टी विकली. गाळा रिकामा केला त्या दुपारी काकूंनी घासूनपुसून लख्ख केलेल्या तांब्याच्या हंड्यातून पेला भरून दिला.

"घ्या, तुमचंच पानी हाय. पलास्टिकात उन्हानं वास मारतंय, म्हनून कॅन आला की मी हंड्यात वततीया, अन् सकाळी परत भरून ठिवतीया. तांब्यातलं पानी लई गुनाचं. तुमी दिसभर पिता न्हवं?"

कणभर तांबंसुद्धा त्या थराची वाट लावतं, हे मला कॉलेजपासून पाठ आहे.

"कधीपासून?" मी कसंबसं विचारलं.

"ऊन तापाय लागल्यापास्नं."

ओरडावंसं वाटलं. पण सांगितलं असतं, तर ती बाई जन्मभर स्वतःला दोष देत बसली असती, आणि माझी भट्टी काही परत येणार नव्हती. मी पेला संपवला. "गोड आहे," म्हणाले आणि त्यांच्यासमोरच मला रडू फुटलं. गाळा सोडतेय म्हणून रडतेय असं समजून काकूंनी मला जवळ घेतलं.