गंडकीच्या काठावरचा परदेश

नेपाळ हा परदेशच आहे. हे आधी लिहून टाकते, कारण आमच्या माहेरी ते आजही कुणी मानत नाही.

माझा थोरला भाऊ काशीत रामघाटावर वेदपाठशाळेत शिकवायचा. वैदिकाच्या घरातली मुलगी गिऱ्हाइकांपुढे साड्या उलगडते, याची दादाला लाज वाटे. ते साड्यांचं दुकान मी एकटीने उभं केलं होतं, हे त्याच्या खिजगणतीत नव्हतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्याचा मुलगा जर्मनीला शिकायला गेला. बर्फाळ डोंगरांचे फोटो आले, ते दादाने साऱ्या गल्लीला दाखवले. मला दाखवताना म्हणाला, "बघून घे. दुकानाच्या गादीवर बसून हे दिसायचं नाही."

मी ऐकून घेणारी नाही. दिवाळी उरकली आणि लग्नसराई सुरू व्हायच्या आत मी नेपाळातल्या पोखऱ्यासाठी जीप ठरवली. दुकान यजमानांवर सोपवलं. आई आणि माझी लेक लगेच तयार झाल्या. दादाला मुद्दाम सांगायला गेले, "परदेशी चाललोय. येतोस?"

"नेपाळ कसला परदेश? पासपोर्ट लागतो का? वाटेत गंडकीचं स्नान होणार असेल तर येतो. तीर्थयात्रा म्हणून."

म्हणजे जीप माझी, खटपट माझी आणि परतल्यावर गल्लीत नाव गंडकीयात्रेचं! तरीही मी हो म्हटलं. मला त्याच्याच तोंडून परदेश वदवून घ्यायचा होता.

सोनौलीला सरहद्दीची कमान ओलांडली तशी मी म्हटलं, "आला परदेश." दादाने खिडकीबाहेर पाहिलं. "तेच उसाचे मळे आहेत."

बुटवलनंतर चढण लागली. ड्रायव्हर बनारसचाच, पहाडात गाडी थांबवायला नाखूश. मी सौदा केला, "हर झरने पर एक चाय मेरी तरफ़ से." मग तो आपणहून धबधबे शोधू लागला. एका वळणावर अख्खा कडाच पाझरत होता. ओल्या शेवाळावरून पाणी थेट रस्त्यावर उतरत होतं. आई चपला काढून त्यात उभी राहिली, लेक किंचाळली, "मामा, देखो तो, कितना ठंडा है!" दादा पंचा सावरत उतरला, पाण्याला हात लावला आणि म्हणाला, "विंध्याचलला पावसाळ्यात असंच असतं." मी रागाने चहाचा ग्लास दगडावर आपटला. फुटला. त्याची भरपाई देतानाही मी घासाघीस केली.

दुपारी काळी गंडकी आली. पुलाखाली राखाडी, वेगाचं पाणी, दोन्हीकडे उभे डोंगर. दादा काठावर बसला, हातात पाणी घेतलं आणि संकल्प म्हणू लागला. आयुष्यभर रोज पहाटे म्हटलेला संकल्प. जीभ आपली आपण चालली होती, "...अविमुक्तवाराणसीक्षेत्रे, भागीरथ्याः पश्चिमे तीरे..."

"थांब, दादा!"

तो थबकला. संकल्पाच्या मध्ये त्याला आजवर कुणी थांबवलं नव्हतं.

"इथे भागीरथी कुठे आहे? आणि वाराणसी?"

"तू मला संकल्प शिकवणार?"

"लहानपणापासून रोज भिंतीपलीकडून ऐकलाय. ठिकाण चुकलं तर स्नान काशीच्या खात्यात जाईल. मग गंडकीचं पुण्य कुठून आणशील?"

आई पदराआड हसली. दादाचे कान लाल झाले. ओंजळीतलं पाणी गळून गेलं होतं.

"बरोबर आहे तिचं," आई म्हणाली. "देश सांग आधी."

दादाने नवी ओंजळ भरली आणि घसा खाकरून, एकेक शब्द जुळवत म्हणाला, "नेपालदेशे... गंडक्याः तीरे..."

"ऐकू नाही आलं," मी म्हटलं.

"नेपालदेशे!" तो ओरडला. डोंगरावरून आवाज परत आला.

दुसऱ्या दिवशी पोखऱ्यात तळ्यापलीकडे माछापुच्छ्रेचं शिखर ढगांतून बाहेर आलं, पांढरंशुभ्र, डोळे दिपवणारं. दादाने हात जोडले. मग म्हणाला, "यात्रा चांगली झाली हं."

"दौरा," मी म्हटलं. "परदेश दौरा."

"भांडखोर आहेस."

"आहेच. म्हण, परदेश दौरा."

त्याने म्हटलं नाही. पण नाहीही म्हणाला नाही, आणि दादाच्या बाबतीत एवढं पदरात पाडायला मला दोन दिवस आणि अख्खा डोंगर लागला होता. माघार मी घेतलेली नाही. कुणी विचारलंच, तर त्यालाच विचारा म्हणते, संकल्पात कोणता देश घेतला होता.