देवीच्या पायथ्याची मासळीवाली

यंदाच्या चैत्री जत्रेत, पहिल्याच सकाळी, किनाऱ्यावरच्या चिंचणी गावच्या एका मासळीवालीला देवीच्या गडाच्या पायथ्यावरून उठवलं. बोंबलाच्या वासाने पावित्र्य जातं, असं स्टॉलच्या ठेकेदाराचं म्हणणं. तिचं नाव मला ठाऊक नाही. पण दरवर्षी मी तिला तिथंच बघत आलोय.

कासा-तलासरीकडच्या आदिवासी पाड्यांवरची माणसं चपला, गाठोडी तिच्याजवळ ठेवून वर जातात आणि येताना पावसाळ्यापुरती सुकी मासळी नेतात. ती स्वतः गड चढत नाही. उतरणारा प्रत्येक जण तिच्या हातावर प्रसादाचं खोबरं ठेवतो; ती ते कपाळाला लावून खाते.

टोपली न हलवता ती ठेकेदाराला म्हणाली, "देवीला एवढी वर्षं वास नाय आला, भाऊ. तुलाच कसा आला?" बाया हसल्या. तरी तिला हायवेपलीकडे हाकललंच. दुपारी माणसं खोबरं मुठीत धरून तिला शोधत फिरत होती.

इथली जत्रा दर्शनाची आहे तशीच पावसाळ्याच्या बाजाराची, पहिल्यापासून. पुढच्या चैत्रात पायथ्याशी ती दिसली नाही, तर वर चढू नका. आधी ठेकेदाराला गाठा, तिची जागा मागा, आणि ती टोपली घेऊन बसेपर्यंत तिथून हलू नका.