ओल्या हाताची पदवी

ऑफिसात तिला सगळे पदवीबाई म्हणत. कॉलेजच्या पदवीशी त्याचा काही संबंध नव्हता. ती पदव्या तयार करायची. कॉम्प्युटरवरचे खेळ बनवणारी कंपनी होती, आणि नव्या खेळासाठी एक अख्खं राज्य उभं करायचं होतं, कुठल्याच नकाशावर नसलेलं. त्या राज्यात वर कोण, खाली कोण, कुणी कुणापुढं वाकायचं, कुणाला काय म्हणून हाक मारायची, हे ठरवणं पदवीबाईचं काम. लोकांना वाटतं, हे काय काम झालं? पोरांचा राजा-राणीचा डाव! करून बघा म्हणावं एकदा. राजा, प्रधान, सेनापती, शिपाई, एवढं झालं की पुढं घोडं पेंड खातं.

पदवीबाईचं घोडं अडलं नाही, कारण तिला राज्य घरातच मिळालं होतं. आईकडून.

आई एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. तळघर, वाफेनं घामेजलेल्या भिंती, दिवसभर घरघरणारी यंत्रं, आणि सोड्यानं बोटांची सालं निघालेल्या बायका. मुकादमानं त्या सगळ्यांचं एकच नाव ठेवलं होतं: 'ए'. ए, इकडं ये. ए, ते उचल. ए, तोंड बंद. मेल्याला कुणाचं नाव कधी पाठ झालं नाही, आणि पाठ करावंसं वाटलंही नाही. मग बायकांनी आपसातच पदव्या करून घेतल्या. इस्त्रीच्या रुळावर जी, ती कडकराणी. घड्या घालणारी ती दिवाणीण. आणि सगळ्यांत वर? वॉर्डातून आलेली गाठोडी जी सोडते, रक्तानं आणि पुवानं माखलेल्या चादरी जिच्या हातून आधी जातात, ती थोरलीसरकार. कायदा सरळ होता. काम जितकं घाण, तितका मान मोठा. जे दुसऱ्या कुणाला नको असतं ते जी करते, तिच्याशी बाकीच्यांनी अदबीनं बोलायचं.

थोरलीसरकार थकली की ती जिला निवडायची तिला पाठ करून उभं करायची आणि स्वतःचा हात पाण्यात बुडवून तिच्या पाठीवर पंजा उमटवायची. झाली पदवी. तो पंजा वाळेपर्यंत धुलाईखान्यात कुणी बसायचं नाही आणि मुकादमाचं ऐकायचं नाही. तो दारात उभा राहून 'ए, ए' करत बसायचा बापडा, आणि या सगळ्या ताठ उभ्या, गालातल्या गालात हसत.

पदवीबाईच्या आईला तो पंजा मिळाला तेव्हा ती लेक शाळेतून येऊन धुतलेल्या चादरींच्या ढिगावर बसली होती. तिनं सगळं बघितलं. घरी आल्यावर म्हणाली, "मलापण पंजा पाहिजे." आई म्हणाली, "तुला कशाला गं? तू शीक. तुझी पाठ कोरडीच राहू दे." लेक रुसून जेवलीच नाही त्या दिवशी.

ते सगळं तिनं खेळात घातलं. राज्यातली सगळ्यांत थोर माणसं म्हणजे 'ओलहाते', नाल्या उपसणारे, जखमा धुणारे, मेलेल्यांना उचलणारे. खेळणाऱ्यानं पायरी पायरी चढत तिथवर जायचं, आणि शेवटी एका म्हातारीनं त्याच्या पाठीवर ओला पंजा ठेवायचा. वाळेपर्यंत सारं राज्य उभं. ऑफिसातल्या पोरापोरींना हे इतकं आवडलं की कुणी एखादं किचकट काम संपवलं, की दुसरा पाण्याच्या नळाखाली हात धरून त्याच्या पाठीवर पंजा मारायचा आणि सगळे खुर्च्या सरकवून उभे राहायचे. मालक एकदा अशा वेळी आत आले होते. त्यांनी विचारलं, "काय, आग लागली की काय?"

पदवीबाईनं आईला सांगितलं होतं, "आई, तुझा पंजा सगळ्यांत वर ठेवलाय." आई आता घरीच असायची. हाताची कातडी कायमची गेलेली, तरी लेकीच्या शर्टाची कॉलर स्वतः घासायची. ती म्हणाली, "खेळ दाखवायचा कार्यक्रम असेल ना, तेव्हा मला ने. माझा पंजा बघायचाय मला."

आणि मग एका दुपारी पदवीबाई चित्रकाराच्या टेबलामागून चालली होती. त्याच्या पडद्यावर एक फाटका माणूस कुत्र्यासारखा चार पायांवर रांगत होता. त्याच्या पाठीवर ओला पंजा.

"हे काय आहे?" तिनं विचारलं.

चित्रकार गोरामोरा झाला. "तुम्हाला सांगितलं नाही मालकांनी? ओलहाते आता खाली गेले. लाथ मारली की नाणं मिळतं. ओळखू यावेत म्हणून तो पंजा."

पदवीबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती दार न वाजवताच मालकांच्या खोलीत शिरली.

"अहो, बसा तरी," मालक म्हणाले. गोड बोलण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. "मी माणसांना खेळवून बघितलं. म्हणतात, वर चढण्यात मजाच नाही, कारण खाली कुणीच नाही. माणसाला तुडवायला कुणीतरी लागतं हो, बाई! आणि पदव्या तुमच्याच आहेत की सगळ्या. एक अक्षर बदललं नाही. फक्त क्रम फिरवला."

फक्त क्रम! छप्पर खाली घातलं, पाया वर ठेवला आणि म्हणे घर तेच आहे. पदवीबाईचा आवाज चढला. "तो पंजा माझ्या आईच्या पाठीवर होता! ती कार्यक्रमाला येणार आहे. निदान तेवढा पंजा काढा. दुसरं काहीही काढा त्या पाठीवर, काळं फासा, पण पंजा नको."

"बघू," मालक म्हणाले.

मालकांचं 'बघू' म्हणजे तोंडाला पानं पुसणं, हे त्या ऑफिसात झाडूवाल्यालासुद्धा ठाऊक होतं. पण अडलेल्या माणसाला खोटा शब्दही खरा वाटतो. ती रोज विचारायची, ते रोज 'बघू' म्हणायचे. चित्रकारानं कानांवर हात ठेवले. ती घरी येऊन भांडी आपटायची, आई विचारायची, "कुणावर राग काढतेस गं?" तर म्हणायची, "कुणावर नाही." खरं सांगायला जीभ रेटत नव्हती. शेवटी म्हणाली, "आई, नको येऊस. कंटाळवाणं असतं."

"बाई गं," आई म्हणाली, "आयुष्यभर दुसऱ्यांच्या घाणेरड्या चादरी बघितल्या मी. कंटाळ्याचं मला सांगू नकोस."

कार्यक्रम ऑफिसातल्याच मोठ्या दालनात होता. ऑफिसची सगळी माणसं, त्यांच्या घरचे, बाहेरचे पाहुणे. पुढच्या रांगेत लेकीशेजारी आई, हात मांडीवर ठेवून. दिवे मंद झाले, भिंतीवर राज्य उजळलं. राजवाडे, घोडे, मानकरी. आई हळूच म्हणाली, "छान आहे गं." मग बाजार आला. बाजारात ओलहाते रांगत होते, एकूणएक पाठीवर पंजा. खेळून दाखवणाऱ्यानं एकाला लाथ घातली. खण्णकन नाणं पडलं. पाहुणे हसले. दुसरी लाथ, दुसरं नाणं. आणखी हसले.

आई हसली नाही. तिनं लेकीकडं बघितलं. पदवीबाई म्हणाली, "आई, मी असं नव्हतं केलं. शप्पथ."

दिवे लागले. मालक हातात माइक घेऊन खाली उतरले आणि थेट आईपाशी आले. म्हातारं माणूस कौतुकाचं बोललं की पाहुणे खूश होतात, एवढा हिशोब त्यांना बरोबर जमायचा. "या आमच्या पदवीबाईंच्या आई! बोला आजी, कसा वाटला खेळ?"

"त्या माणसांच्या पाठीवर पंजा कुणी ठेवला?" आईनं विचारलं.

"ते होय? ती खालची माणसं, आजी. ओळखू यायला नकोत का?"

"कशासाठी?"

मालक हसले. "लाथ मारायला!"

आई उठली. घाई नाही, गडबड नाही. जवळच्या टेबलावर मालकांसाठी पाण्याचा पेला ठेवला होता. त्यात मावेल तितका हात तिनं बुडवला, उरलेलं पाणी तळव्यावर ओतलं. मग लेकीला म्हणाली, "ऊठ. पाठ कर."

पदवीबाई उठली आणि सगळ्या दालनाकडं तोंड करून उभी राहिली. पाठीवर आईचा हात पडला. थंडगार, खरखरीत, पाची बोटं वेगवेगळी कळत होती. लहानपणी ज्यासाठी उपाशी झोपली होती तो हात, आणि तो इथं मिळत होता, या माणसासमोर! तिच्या डोळ्यांतून पाणी आलं ते निम्मं संतापाचंच होतं.

आई मालकांकडं वळली. "हं," ती म्हणाली. माइक मालकांच्याच हातात होता, त्यामुळं ते मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. "उमटलाय पंजा. मारा आता लाथ."

एक पाहुणा उगाच खोकला.

तेवढ्यात मागं एक खुर्ची सरकली. चित्रकार उभा राहिला होता, मान खाली घालून. मग हिशोबनीस उभी राहिली. मग सगळं ऑफिसच उठलं, नळाखाली हात धरणारी ती पोरंपोरी, एकामागून एक. पाहुण्यांना काही कळेना, ते एकमेकांकडं बघत राहिले.

"अहो, हे काय चाललंय? बसा," मालक म्हणाले. कुणी हललं नाही. "बसा म्हणतो ना! ए!"

तो शब्द ऐकल्यावर आई त्या दिवशी पहिल्यांदा हसली. ती लेकीच्या मागं ताठ उभी राहिली आणि पंजाकडं बघत म्हणाली, "सुती आहे कापड. वेळ लागेल वाळायला."