शेपटीखालचे दुखणे

बारा नोव्हेंबर, सकाळी साडेआठ. माझा कुत्रा आठवडाभर बूड जमिनीवर घासत होता आणि मी जंताचे औषध देत होतो. दारव्ह्याच्या गुरांच्या दवाखान्यातला, जनावरांची मलमपट्टी करणारा ड्रेसर आला. नेहमीप्रमाणे त्याने आधी हात काखेत धरून गरम केले, मग शेपटी उचलली.

"जंत नाही काकाजी, गाठी भरल्या हायेत. काहून थांबले इतके दिवस?"

मी हात लावताच चावणारा कुत्रा, गुदाजवळच्या गाठींतली घाण पिळून निघेपर्यंत, त्याच्यापुढे निमूट उभा राहिला. नऊ वर्षे भाकर मी घातली होती. मला ते सहन झाले नाही.

संध्याकाळी तो पुन्हा आला आणि शेकाचे गरम फडके त्याने माझ्या हाती दिले. मी ते शेपटीखाली धरताच कुत्रा गुरगुरला. ड्रेसरने माझ्या हातावर हात ठेवला, कुत्रा शांत झाल्यावर तो हळूच काढून घेतला आणि फाटक लावून निघून गेला.