लाल चिठ्ठीची कणसं

लखनौमधल्या अलीगंजच्या त्या फ्लॅटमध्ये तिघं राहत होती: चारुलता, नंदकुमार आणि टीव्ही. बोलायचं काम टीव्हीकडे होतं. मुलगी पूर्वा बंगळूरला. तिचा फोन आला की चारुलता मराठीत विचारायची आणि ती हिंदीत उत्तर द्यायची, "हाँ मम्मी, सब ठीक." एवढ्यात फोन संपायचा.

चारुलता अकोल्याला शेतकी शिकली, लग्न होऊन लखनौला आली आणि बख्शी का तालाबजवळ एका बियाणं कंपनीच्या शेतावर मक्याचे वाण तयार करायच्या कामाला लागली. सुरुवातीला पोळ्या लाटता लाटता ती दिवसभराचं सगळं सांगायची. मक्याच्या दाण्यातलं तेल कोंबात असतं. कोंब मोठा केला की तेल वाढतं, पण पिठाला जागा उरत नाही आणि उतारा घटतो. तिला दोन्ही हवं होतं, तेलही आणि उताराही. नंदकुमार म्हणायचा, "अच्छा, अच्छा." लखनौत येऊन हा एवढंच शिकला, असं ती हसून मैत्रिणींना सांगे. पुढे हसणं गेलं, मग सांगणंही कमी होत गेलं.

यंदा जूनमध्ये ती निवृत्त होणार होती. इतक्या वर्षांत मनासारखा जमलेला एकच वाण हाताशी होता. एप्रिलच्या पिकात त्याचं शुद्ध बी धरायचं, मग ते मोठ्या चाचण्यांना जाणार, असं ठरलं होतं. हा हंगाम चुकला तर जुनं बी शीतगृहात पडून राहणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिच्या जागी येणाऱ्या ऋषभला स्वीट कॉर्नमध्ये रस होता. "मैम, मॉल में वही बिकता है," तो म्हणायचा, आणि ते खोटंही नव्हतं.

केस बाहेर यायच्या आतच तिच्या कणसांना बटरपेपरच्या पिशव्या चढल्या. प्रत्येक झाडाला तिच्या हाताची लाल चिठ्ठी. आता केस आले की ज्याच्या त्याच्या तुऱ्याचे पराग हातानं टाकायचे आणि कणीस परत झाकायचं. मधल्या काळात पिशवी हलता कामा नये, कारण वारा शेजारच्या मक्याचे पराग घेऊन फिरतच असतो.

नेमका तेव्हाच तिला ताप चढला. उभं राहिलं की खोली फिरायची.

"अहो, एवढे टॅग आणि स्टेपलर शेतावर पोचवता का? तिथला गडी रामसनेही घेईल. केस नीट आले की तो पराग टाकायला सुरुवात करेल."

नंदकुमार टीव्ही बंद करून उठला. इस्त्रीचा शर्ट घातला, टोपी शोधली, पाण्याची बाटली भरून घेतली. लग्नाला निघाल्यासारखा निघाला.

परत आला तो उन्हानं लाल होऊन, पण खुशीत. तिच्यासाठी मुगाची खिचडी टाकली. ताट घेऊन पलंगाशी बसला.

"चारू, बरं झालं मी गेलो. तुझी माणसं जेवायला गेली होती. लक्ष कुठंय त्यांचं! त्या कागदी पिशव्यांत नुसता घाम साठला होता. आतले केस बिचारे गुदमरत होते."

तिचा घास हातातच राहिला. "मग?"

"मग काय, काढल्या. मोकळी केली सगळी." तो किंचित लाजला. "दुसऱ्यांच्या नाही हं. फक्त लाल चिठ्ठीवाल्या. अक्षर ओळखलं ना तुझं."

तो स्वयंपाकघरात तूप आणायला गेला तशी तिनं रामसनेहीला फोन लावला.

"मैडम, हम लौटे तो साहब खोल चुके थे," तो चाचरत म्हणाला. "हमने सोचा, आप ही ने कहा होगा."

साहेबांना कोण विचारणार? मॅडमचे साहेब. तीस वर्षं मॅडमच्या घरात राहणाऱ्या माणसाला पिशवी कशासाठी असते हे ठाऊक नसेल, असं त्या गड्याच्या मनातसुद्धा कसं यावं?

"तूप घे," नंदकुमार म्हणाला. तिनं घेतलं. खिचडीत मीठ कमी होतं, तेही ती बोलली नाही.

मेअखेर कणसं काढली. नंदकुमार आता हौसेनं येत होता, गाडी तोच चालवी. ढिगाजवळ उभा राहून त्यानं एक लाल चिठ्ठीचं कणीस उचललं. आजवर तिची कणसं खुरटी असायची, मध्ये दातपडकी. हे टोकापर्यंत गच्च भरलेलं होतं.

"बघ, केवढं भरलंय! मोकळी हवा लागली की असं होतं."

वाऱ्यानं शेजारचे पराग मनसोक्त टाकले होते, संकरानं दाणे टपोरे झाले होते. खायला उत्तम. बियाणं म्हणून शून्य.

ऋषभ वही मिटत हळू आवाजात म्हणाला, "मैम, ये लाइन तो गई. पुराना बीज कोल्ड स्टोर में ही रहने दूँ?"

"रहने दो," चारुलता म्हणाली.

नंदकुमारनं ते ऐकलं. त्यानं गाडी सीतापूर रोडला घेतली. मग म्हणाला, "गई म्हणजे?"

तिनं सांगितलं. चार वाक्यांत संपलं.

"आणि हे तू आज सांगतेस? त्याच दिवशी का नाही बोललीस?"

"त्या दिवशी तुम्ही पहिल्यांदा माझ्या शेतावर गेला होतात."

त्यानं काच खाली केली, पुन्हा वर केली. मग विचारलं, "पण ते तेल दाण्यात नेमकं असतं कुठं?"

चारुलता सावरून बसली. मांडीवरच्या कणसातला एक दाणा काढून तिनं दातानं फोडला, आतला पांढरट कोंब नखानं मोकळा केला आणि हात पुढं केला. "हे बघा, हे एवढंसं—"

मागून टेम्पोनं हॉर्न दिला. नंदकुमारनं आरशात बघून त्याला शिवी हासडली, गाडी डावीकडे घेतली आणि टेम्पो पुढं गेल्यावरही बराच वेळ त्याच्यावर तणतणत राहिला. "लायसन कोण देतं रे ह्यांना? काय म्हणत होतीस?"

"काही नाही."

"अच्छा," तो म्हणाला, आणि पुढच्या चौकातून जावं की आधीच आत वळावं याचा विचार करू लागला.