अक्कांचा वाटा

वालूरहून निघाले त्या दिवशी जीप दारात हॉर्न वाजवत होती आणि अक्का काही चुलीपुढून उठेनात. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. दोघींचेही मालक गेलेले, माझे तर वर्षभरापूर्वीच, आणि आता माझा संतोष मला अमेरिकेला घेऊन चाललेला.

"अक्का, या की बाहेर. निघाले मी."

"निघ की मग. मी काय जीपचं चाक धरून बसले का?" पाठमोऱ्याच बोलल्या.

मग उठल्या. धपाट्यांची चवड फडक्यात बांधून पिशवीत घातली, तिखट भुरक्याच्या चटणीची बरणी कपड्यांच्या मधोमध बसवली, आणि माझ्या पदराचं टोक ओढून त्याला एक गाठ मारली. आत काहीच नव्हतं.

"मोकळी गाठ हाय वच्छे. येताना भरून आण."

"उरुसाच्या आत येते बघा. सहा महिन्यांचा तर सवाल हाय."

"लय बोलायलीस. जा, सेलूला गाडी चुकंल."

ही गाठ काय ते सांगते. आम्ही दोघी चाळीस वर्षं एका चुलीवर राबलो. घरात अंथरुणाला खिळलेली सासू, दावणीला दुभती म्हैस, त्यामुळं दोघींना एकदम घराबाहेर कधी पडताच आलं नाही. परभणीच्या उरुसाला एक गेली की दुसरी घरी. जिंतूरला लग्न असलं तरी तेच. मग आमचा आमच्यात एक नियम पडला. जी जाईल तिनं जे खाल्लं असेल त्यातला वाटा पदरात बांधून आणायचा आणि आल्या आल्या दुसरीच्या पुढ्यात गाठ सोडायची. आधी तिच्या तोंडात घास, मग तिकडची गोष्ट. मी नवी नवरी होते तेव्हा अक्का पहिल्यांदा उरुसातला हलवा-पराठा घेऊन आल्या. तुपानं त्यांचा पदर पार भिजला होता. तो डाग त्या लुगड्याचा कधी निघाला नाही. मी खाल्लं, मग त्यांनी पाळणे कसे फिरले, बांगड्यांची दुकानं कशी लागली ते सगळं सांगितलं. मला वाटलं, मीच जाऊन आले.

सहा महिन्यांसाठी म्हणून इथं आले ती राहिलेच. आधी संतोष म्हणाला, आई, तुझे कागद करून घेऊ. मग कळलं की कागद होईपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकता येत नाही. मग माझ्या छातीत कळ आली, स्टेंट बसला. एक उरूस गेला, दुसराही गेला. तुमच्यातल्या ज्या बाया पोरांकडं परदेशी गेल्यात त्यांना मी काय सांगू? आपण बॅग भरतो ती परत यायची म्हणूनच भरतो.

आमचं हे गाव बॉयसी. अमेरिकेच्या पश्चिमेकडचं लहानसं शहर, बटाट्याचा मुलूख. चहूकडं पिवळे उघडे डोंगर, मधून नदी. उन्हाळ्यात ते डोंगर बघितले की जिंतूरकडचा माळ आठवतो, म्हणून मला हे गाव परकं असूनही फार टोचत नाही. मी आता वॉकला जाते, लुगड्यावर स्वेटर आणि पायात स्पोर्ट शूज. डिशवॉशर लावते, गार्बेज कुठल्या वारी बाहेर ठेवायचं तेही मला पाठ. आणि फ्रीजरचा खालचा खण माझा. त्यात अक्कांचा वाटा. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीचा मोदक, शेजारच्या मेरीबाईनं नाताळात दिलेलं बिस्कीट, नातीच्या वाढदिवसाचा केक. सगळं थोडं थोडं, फॉइलमध्ये गुंडाळून. सूनबाई प्राजक्ता परभणीची, शिकलेली, पण त्या खणाला तिनं कधी हात लावला नाही.

व्हिडिओवर अक्का विचारायच्या, "गाठ भरली का गं?"

"गाठ कसली, पोतं भरलं."

"आण मग. माझे दात चाललेत एकेक. बत्तासा तेवढा आता चावता येतो."

गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी पोरांनी मला फूड टूरला न्यायचं ठरवलं. फूड टूर म्हणजे काय, तर एक बाई पुढं चालणार, आपण मागं. ती शहरातल्या जागा दाखवणार आणि वाटेत पाच-सहा दुकानांत थोडं थोडं खाऊ घालणार. मी म्हणलं, म्हणजे उरूसच की. फक्त पाळणे नाहीत.

त्याच्या आधीचे दोन दिवस अक्कांचा फोन लागत नव्हता. पुतण्याला, म्हणजे अक्कांच्या बालाजीला लावला तर तो म्हणाला, आई झोपलीय काकू. दुसऱ्या दिवशीही झोपलीच होती. मी त्याला हसले सुद्धा. म्हणलं, तुझी आई दिवसा झोपायला कधीपासून शिकली रे?

टूरवाली पोरगी मेगन नावाची, लय गोड बोलायची. तिनं आधी विधानभवनाचा घुमट दाखवला. म्हणे ही इमारत जमिनीतल्या गरम पाण्यावर ऊबदार ठेवतात. मग म्हणाली, इमारत शंभर वर्षांच्या वर जुनी आहे, आणि सगळे "वाव" म्हणाले. मी प्राजक्ताच्या कानात म्हणलं, हिला आमच्या वालूरची बारव दाखवा, किती जुनी ते मोजायलाच कुणी शिल्लक नाही. प्राजक्ता हसली नाही. मला वाटलं, पोरीचं डोकं दुखत असेल.

जुना तुरुंगही दाखवला. बक्षीस मिळाल्यासारखे लोक कोठडीत जाऊन फोटो काढत होते. अक्कांना हे कसं सांगायचं ते मी मनात रचत चालले होते. "अक्का, तिकडं लोक हौसेनं जेलात जातात." त्या काय म्हणतील तेही मला ठाऊक होतं. "आपल्याला कुठं जावं लागलं? आपल्या घरातच होतं."

पहिल्या दुकानात चीज दिलं. एक फोड मी खाल्ली, एक कागदी रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकली. पावाच्या दुकानात तेच, तळलेल्या बटाट्याच्या तिथंही तेच. मेगननं बघितलं आणि एक छोटा डबाच आणून दिला. "टू गो?" मी म्हणलं, "येस, टू गो. फॉर माय सिस्टर." संतोषनं ते ऐकलं आणि तो दुकानाच्या बाहेर निघून गेला. काचेतून दिसत होता, रस्त्याकडं तोंड करून उभा.

शेवटच्या दुकानात ताटलीत एक भाजलेला बटाटा आला, वर पांढरी साय घातलेली. पोट भरलं होतं. म्हणलं, बटाटा तर बटाटा, हा अख्खा अक्कांना. बोलता बोलता उचलला आणि जुन्या सवयीनं डब्यात न टाकता सरळ पदरात बांधला. टेबलावरचे सगळे ओरडले. मला कळेना काय झालं. बटाटा नव्हताच तो. आइस्क्रीमला बटाट्याचा आकार देऊन कोकोत लोळवलेलं. बघता बघता पदरातून थेंब गळायला लागले. मेगन हसून हसून वाकली, मीही गोड झालेली बोटं चाटत हसले. म्हणलं, वितळलं तर वितळलं, डाग तरी दाखवीन अक्काला, हलव्याच्या डागाची फिट्टंफाट! आणि ताटलीत राहिलेली साय डब्यात भरायला लागले.

प्राजक्तानं माझा हात धरला.

"आई, नका ठेवू आता."

एवढंच बोलली. मी तिच्या तोंडाकडं बघितलं. तिचे डोळे बघितले आणि दोन दिवस झोपलेल्या अक्का मला एकदम समजल्या.

तीन दिवस झाले होते. म्हशीला पेंड घालून घरात आल्या, पाणी प्यायल्या आणि गेल्या. तिकडं राख सावडूनही झाली होती आणि मी इकडं तुरुंग बघत हिंडत होते. आमच्यात दहा दिवस सुतक. गोड तोंडात घालायचं नाही, हौसमौज नाही. आणि माझ्या जिभेवर अजून साखरेची चव.

घरी येऊन मी लुगड्यासकट शॉवरखाली उभी राहिले. आमच्याकडं मेल्याचं ऐकलं की डोक्यावरून पाणी घेतात. पदरातून कोकोचं तांबूस पाणी वाहत होतं आणि ती गाठ काही केल्या सुटेना, ओली झाली की गाठ आवळते.

बाहेर आले तर संतोष दाराशी खाली बसलेला.

"राख सावडायच्या दिवशी मला गोड खाऊ घातलंस रे?"

"आई, तुझा स्टेंट... डॉक्टर म्हणाले धक्का नको. टूरची तिकिटं आधीच काढलेली होती. वाटलं, एक दिवस तरी तुझा चांगला जाऊ दे, मग सांगू."

"माझा दिवस चांगला गेला. माझा दिवस लय चांगला गेला."

पोरगा रडला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, पण खरं सांगते, राग अजून पुरता गेलेला नाही. कशाचा आहे तेही धड कळत नाही. त्यानं लपवल्याचा, की लपवलं नसतं तरी मला जाता आलं नसतं त्याचा.

तेराव्यानंतर बालाजीचा फोन आला. म्हणाला, "काकू, आईची पेटी उघडली. लुगड्यांच्या खाली चिंध्यांच्या बारक्या बारक्या पुरचुंड्या निघाल्या, वीस-पंचवीस असतील. एकीत तिळगूळ, एकीत पाडव्याच्या गाठीचा तुकडा, एकीत कुणाच्या तरी लग्नातली बुंदी, पार दगड झालेली. रेवड्या हायत, बत्तासे हायत. उरुसातल्या असतील. आई दोन्ही वर्षं उरुसाला गेलती, हट्ट करून. म्हणायची, यंदा माझी पाळी हाय, ती तिकडं हाय तर. काकू, ह्या चिंध्या तुमच्या जुन्या लुगड्याच्या हायत ना? तुमी टाकून गेलता ते, हिरवं?"

हिरवंच होतं.

तो म्हणाला, "काही काहींना मुंग्या लागल्यात काकू. टाकून देऊ का?"

"न्हाई रे बाळा. मुंग्या झटक आणि पेटीला कुलूप घाल. माझा वाटा हाय तो."

इथं मंडळात नव्या आलेल्या पोरी मला विचारतात, काकू, आता घर म्हणजे इथलंच ना? मी हो म्हणते. नातीची शाळा इथं, माझा डॉक्टर इथं, माझी वॉकची वाट इथं. पण खरं उत्तर मला त्या फोनवर मिळालं. आपण नसताना आपल्यासाठी कुणी काढून ठेवतं, ते घर. माझं तसं घर पृथ्वीवर एकच होतं आणि ते मी उरुसाच्या आत येते म्हणून सोडून आले.

प्राजक्तानं खालचा खण रिकामा केलेला नाही, मी केला नाही म्हणून. गेल्या रविवारी शेजारच्या मेरीबाईकडं केक कापला. तिनं बशी हातात दिली. मी अर्धा खाल्ला आणि अर्धा पदरात बांधूनसुद्धा टाकला, मग ध्यानात आलं. सगळे बघत होते. सोडावी म्हणून गाठीला हात घातला आणि तसाच राहिला. ही गाठ मी कधी एकटीनं, स्वतःसाठी सोडलेलीच नाही. ती नेहमी दुसरीच्या पुढ्यात सुटायची.