वेफर्सच्या वेबसाइटवर एसटीच्या गाड्या

आमच्या नानांना कुणी रस्ता विचारला की संपलं. विचारणाऱ्याला ते आधी बसवणार, पाणी देणार, कुठून आलात, कुणाकडं चाललात ते काढून घेणार, आणि मग कपाळाला हात लावून म्हणणार, "अहो, त्या गाडीनं कशाला आलात? फैजपूरवाली धरली असती तर बसायला जागा मिळाली असती!" तो बिचारा येऊन पोचलेला असायचा. आता जागेचं काय करू, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसायचं.

नाना म्हणजे माझे सासरे, गिरधर नाना. उभा जन्म एसटीत कंडक्टरकी केली. एकदा भुसावळच्या स्टँडवर यांच्या गाडीला ही गर्दी, आणि नाना दारात उभे राहून ओरडतायत, "मागची रावेर रिकामी आहे, आधी सुटते, तिच्यात बसा!" लोक गेले तिकडं. यांची गाडी अर्धी रिकामी यावलला आली. साहेबांनी बोलावून झाप झाप झापलं. नाना म्हणाले, "साहेब, लोक घरी पोचले ना?" आता अशा माणसाला काय बोलणार! रिटायर झाले, खाकी उतरली, पण सवय काही उतरली नाही.

मी मंदा, त्यांची एकुलती एक सून. मी नानांसारखी गोड नाही, आधीच सांगून ठेवते. माझ्या नाकावर राग असतो आणि तो तिथंच बरा दिसतो, असं माझी आई म्हणायची.

यावलला केळीला तोटा नाही. मी मागच्या अंगणात एक भट्टी घातली आणि कच्च्या केळीचे वेफर्स तळायला लागले. किसणी कढईवरच धरायची आणि चकत्या थेट तेलात सोडायच्या. हाताला चटके बसतात, पण तो वास सुटला की सगळी गल्ली नाक वर करते. माल चांगला, पण घेणार कोण? केळीच्या गावात केळीचे वेफर्स विकायचे म्हणजे तापीकाठी पाणी विकण्यातला प्रकार. आमचे हे, म्हणजे भाईदास, सुरतला कपड्याच्या दुकानात नोकरीला. दोन-तीन महिन्यांनी यायचे आणि आले की तोच विषय. नव्व्याण्णव सालच्या अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आले तेव्हा शेवटचं सांगून गेले, "दिवाळीपर्यंत बघतो. धंदा चालला तर ठीक, नाही तर भट्टी मोड आणि बिऱ्हाड घेऊन सुरतला चल."

मला सुरतला जायचं नव्हतं. एका खोलीत, वर पत्रे, खाली यंत्रांचा खडखडाट. आणि नाना तर यावल सोडणार नव्हते. "तुम्ही जा, मी राहतो," एवढंच म्हणाले आणि गोठ्याकडं निघून गेले. एकट्यानं चूल पेटवणार होते की काय या वयात! त्या दिवसापासून वेफर्स खपले पाहिजेत, एवढी एकच गोष्ट माझ्या डोक्यात राहिली.

माझा मामेभाऊ जीवराम जळगावात. आधी त्याचा एसटीडी बूथ होता, त्यात त्यानं दोन कंप्युटर आणून ठेवले आणि बाहेर पाटी लावली, सायबर कॅफे. तो म्हणाला, "ताई, तुझी वेबसाइट काढू. अमेरिकेतून ऑर्डर येईल." काढली. वर माझं नाव, खाली वेफर्सचा फोटो, शेजारच्यांचा फोन नंबर. मी पुष्कळ दिवस शेजारच्या फोनकडं कान लावून बसले. फोन यायचे, पण शेजारणीच्या माहेरचे.

जीवरामला विचारलं तर म्हणतो, "ताई, वेबसाइट काढली म्हणजे केळीच्या बागेत मधोमध दुकान टाकलं. कुणाला दिसणार? दुसऱ्यांनी आपापल्या वेबसाइटवर आपला पत्ता द्यायला पाहिजे, त्याला लिंक म्हणतात. चार चांगले लोक आपल्याकडं बोट दाखवायला लागले की ते शोधून देणारं यंत्र आपल्याला वर आणतं."

मग आम्ही बोटं गोळा करायला निघालो. ज्या वेबसाइटवर पाहुण्यांनी अभिप्राय लिहायची सोय असेल तिथं जीवराम लिहायचा, "यावलचे वेफर्स घ्या." कुणाच्या लग्नाच्या फोटोंखाली, कुणाच्या कवितांखाली, जागा दिसेल तिथं. एकदा तर एका गृहस्थांनी वडिलांच्या आठवणी लिहिल्या होत्या, त्याखाली आमचे वेफर्स! त्यांनी उलटं झणझणीत उत्तर लिहिलं. जीवरामनं मला ते वाचून दाखवलं नाही, पण त्याचे कान लाल झाले होते.

नानांना हे कळलं. म्हणाले, "मी येतो जळगावला." पास होताच त्यांच्याकडं. जीवरामच्या खुर्चीवर ताठ बसले आणि विचारलं, "या पेटीत कोण येतं रे?"

"खान्देशातली बाहेर गेलेली पोरं, नाना. पुण्याला, मुंबईला, परदेशात. गावाची आठवण आली की शोधत बसतात."

"म्हणजे पॅसेंजर," नाना म्हणाले. "मग त्यांना घरचा रस्ता सांग. लिही."

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. मुंबईहून यावलला यायचं तर कुठल्या रेल्वेनं यावं, भुसावळला उतरल्यावर स्टँडच्या कुठल्या टोकाला उभं राहावं, शेवटची गाडी चुकली तर काय करावं. मुक्ताईनगरला मुक्ताईच्या दर्शनाला कसं जावं. सोनगीरचा किल्ला बघायचा तर ड्रायव्हरला आधी सांगून ठेवा, नाही तर तो हायवेनं सरळ पुढं नेतो. भरताची वांगी कुठून घ्यावी, खापरावरचे मांडे कोण चांगले करतं. जीवराम वर 'कंडक्टरनाना सांगतात' असं टाकून इंग्रजीत लिहीत गेला. आणि सगळ्यात शेवटी नाना म्हणाले, "वेफर्स घ्यायचे तर फैजपूरला तोतारामकडं घ्या, त्याचा फोन नंबर हा. यावलला आमची सूनही करते."

व माय! मी तिथंच होते. माझा तर तोल सुटला.

"नाना, वेबसाइट कुणाची? आपली! आणि गिऱ्हाईक धाडायचं तोतारामकडं? वर त्याचं नाव पहिलं? घरचं खाऊन लष्कराच्या भाकरी भाजायच्या, तशातली गत झाली ही!"

"त्याचे वेफर्स बरे आहेत," नाना शांतपणे म्हणाले. "तुझ्यात मीठ जास्त पडतं. पॅसेंजरला खोटं कसं सांगायचं?"

जीवरामनं मान खाली घातली, पण खांदे हलत होते मेल्याचे. मी परतीच्या गाडीत नानांच्या शेजारी बसले नाही, पुढं जाऊन बायकांच्या सीटवर बसले. घरी गेल्यावर भांडी आपटली. चार दिवस मी त्यांच्याशी जेवायला वाढण्यापुरतंच बोलले. पण एक करत होते. रोज गुपचूप एक चकती तोंडात टाकून बघत होते. आणि हो, मीठ जास्त होतं. सांगायला लाज वाटत होती, म्हणून कुणाला न सांगताच कमी केलं.

पावसाळा गेला. वेबसाइटवर पत्रं यायला लागली, ई-मेल. सगळी नानांना. वेफर्सचं कुणी नावही काढत नव्हतं. कुणाला डोंगरातल्या पालला कसं जायचं ते पाहिजे, कुणाला बायकोला पहिल्यांदा गाव दाखवायचं तर पावसात रस्ता बरा आहे का ते पाहिजे. नाना दर बाजाराच्या दिवशी जळगावला जाऊन एकेकाला उत्तर सांगायचे. एकदा अमेरिकेतून धुळ्याकडच्या कुणा धनसिंगचं आलं. इंग्रजी अक्षरांत, पण भाषा घरची, अहिराणी. जीवरामनं मोठ्यानं वाचलं, "नाना, मी सोनगीरना शे. किल्ला आजून तठेच शे ना?" नाना इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसायला लागले. "त्याला लिही, किल्ला कुठं जातो? तूच गेलास. गाडी लिहून दिली आहे, ये." मी तिथं नव्हते, जीवरामनं मला सांगितलं. ऐकून मलाही हसू आलं, पण मी दाखवलं नाही.

दिवाळी जवळ आली. ह्यांचा फोन आला, वसुबारसेच्या आदल्या दिवशी येतो, सामान बांधून ठेव. मी डबे रिकामे केले, पितळी भांडी पोत्यात भरली. भट्टीला हात लावायचं धाडस मात्र झालं नाही. जीवरामला म्हटलं, ती वेबसाइट बंद करून टाक. तो म्हणाला, "ताई, एकदा येऊन बघ, मग बंद करतो."

गेले. त्यानं शोधायच्या चौकटीत खान्देश असं टाइप केलं. यादी आली, आणि सगळ्यात वर आम्ही! माझं नाव, माझ्या वेफर्सचा तो वाकडा फोटो! खाली मोठमोठी नावं, आणि वर मी! मला वाटलं, यंत्र बिघडलं. जीवराम म्हणाला, "बिघडलं नाही. त्या धनसिंगभाऊंनी तिकडच्या खान्देशी मंडळाच्या वेबसाइटवर लिहिलं, गावाला जाण्याआधी या कंडक्टरनानांना विचारा. ते वाचून पुण्याच्या मंडळानं लिहिलं, एका कॉलेजच्या पोरांनी लिहिलं. कुणाला मागावं लागलं नाही. सगळी बोटं नानांकडं."

"आणि ऑर्डर?"

"ऑर्डर... नाही आली अजून."

नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! सगळ्या खान्देशात पहिली आले, आणि दिवाळी सरली की बोचकं उचलून सुरतला चालले. परत येताना तापीच्या पुलावर मला रडू फुटलं. पदराआड घेतलं, पण शेजारच्या बाईनं विचारलंच, माहेरून निघालीस का ग? मी म्हटलं, नाही, सासरहून निघायची वेळ आली म्हणून रडते.

घरी पोचले तर दारात राजदूत मोटारसायकल उभी, आणि ओट्यावर एक जाडजूड माणूस नानांबरोबर चहा पितोय. "हा तोताराम," नाना म्हणाले. मी म्हटलं, या, तुमचीच कमी होती. मनात म्हटलं म्हणजे.

तोताराम उठून उभा राहिला. "अक्का, तुमच्या नानांनी मला मारलं. त्या पानावर माझं नाव पहिलं, सगळे फोन मलाच येतात. पुणं, नाशिक, ठाणं, सगळ्यांना दिवाळीत गावचे वेफर्स पाहिजेत. बायको म्हणते, आणखी ऑर्डर घेतली तर मी माहेरी जाते. अर्ध्या ऑर्डरी तुम्ही घ्या. मी तुमचा माल आताच खाऊन बघितला. नानांनी दिला."

"कसा वाटला?" मी हळूच विचारलं.

"मीठ बरोबर आहे," तोताराम म्हणाला.

मी नानांकडं बघितलं. ते बशीतला चहा फुंकत होते. मला एकदम इतका आनंद झाला की पाया पडू का ओरडू हेच कळेना. मी दोन्ही केलं. आधी पाया पडले, मग ओरडले, "आणि मीठ बरोबर झालंय हे मला आधी सांगायला काय झालं होतं?"

पोत्यातली भांडी परत बाहेर आली. शेजारणी आल्या, कुणी केळी सोलतंय, कुणी पिशव्या भरतंय. अंगणात अशी गडबड की लग्नघर वाटावं. त्यात आमचे हे आले, हातात सुरतची बॅग. दारातच थबकले. कुणाला काही विचारायला जागा नव्हती, मीच त्यांच्या हातात झारा दिला. "चकत्या जळतायत, बघा!" बिचाऱ्यांनी बुटांसकट भट्टीपाशी उभं राहून घाणा काढला. रात्री जेवताना म्हणाले, असं झालंय होय.

पण सुट्टी संपतेच. भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हे बॅग भरून ओट्यावर आले. मी भट्टी पेटवत होते. पुढच्या ऑर्डरी होत्या, मी राहणार हे ठरलं होतं, पण हे जाणार हेही ठरल्यासारखंच होतं. मी विस्तवाकडं बघत राहिले.

"नाना," हे म्हणाले, "सुरतची गाडी किती वाजता आहे?"

नाना पेपर वाचत होते. ज्या माणसानं अमेरिकेतल्या पोराला सोनगीरची गाडी सांगितली, ज्याला खान्देशातली प्रत्येक गाडी तोंडपाठ, त्यानं पेपरातून डोकं वर केलं नाही.

"सुरतची?" ते म्हणाले. "मला नाही बुवा माहीत."

हे माझ्याकडं बघून हसले, बॅग आत नेऊन ठेवली आणि बाही वर करत भट्टीपाशी आले.